एफंदींच्या खोलीतलं घड्याळ

ईद नसताना शहाताच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट चढला, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, कुणीतरी गेलं. दोघीतिघी चेहरा पाडून दारापर्यंत आल्यासुद्धा. इंशिराहने त्यांना आत घेतलं नाही, पण दार मात्र सताड उघडं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "अहो, रुमाल घेतलात का? आजपासून ऑफिसात बसायचंय तुम्हाला."

शहाता सूतगिरणीतला उस्ता, म्हणजे आपल्याकडचा मिस्त्री. साचेखात्यात, म्हणजे यंत्रांच्या विभागात, पंचवीस वर्षं काढलेला. यंत्र नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं ते अख्खं गाव त्या काळी गिरणीवर जगत होतं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. माणसाची किंमतही गिरणीच ठरवायची. गाठी उचलणाऱ्या हमालाची मजुरी दिवसावर, मिस्त्रीची तासावर आणि एफंदीची, म्हणजे ऑफिसातल्या टायवाल्याची, महिन्यावर. माप जितकं मोठं तितकं काम कमी, हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

शहाताची मुलगी विदाद हिला वस्फी एफंदींच्या मुलाने पसंत केली होती. वस्फी एफंदी गिरणीचे हेडक्लार्क. ते बिचारे सरळ होते, पण त्यांच्या बायकोने, गलीला हानमने, चहाचा पेला खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, "मुलगी लाखात एक आहे हो. पण पत्रिकेवर वडिलांच्या नावाआधी काय छापायचं? उस्ता?"

मग वस्फी एफंदींनीच खटपट करून शहाताला ऑफिसात घेतलं. सुट्या भागांच्या नोंदीसाठी एक खुर्ची निघाली. गुरुवारी दोन्ही घरच्यांनी बसून फातिहा वाचायची, म्हणजे लग्न ठरलं. ऑफिसात गेल्यावर शहाताचा ओव्हरटाइम जाणार होता आणि साचेखात्यातल्या माणसांना रोज मिळायचं ते दूधही. थोडक्यात, बढती मिळून पगार घटला होता.

"दूध मी विकत आणीन," इंशिराह म्हणाली. "तुम्ही फक्त खुर्चीवर बसा. बसता येतं ना?"

बसता येत नव्हतं, हीच तर अडचण होती.

पहिल्या दिवशी शहाता सवयीने भोंग्याबरोबर सातला हजर झाला. ऑफिस आठचं. खोलीत फक्त बरसूमकाका, म्हातारा शिपाई, टेबलं पुसत होता. बाकीचे एफंदी आले तेव्हा शहाताच्या हिशेबाने सव्वाआठ होऊन गेले होते, पण भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात नुकतेच कुठे आठ वाजत होते. सगळ्यांनी हजेरीच्या कागदावर सह्या केल्या आणि दिवस सुरू झाला. दिवस सुरू झाला म्हणजे चहा सुरू झाला. मदाम इफ्फत टाइपरायटर बाजूला सारून संध्याकाळच्या भातासाठी वांगी कोरायला बसल्या. शहाताने त्यांना कोरायला मदत केली, कारण सुट्या भागांची नोंद साडेनऊलाच संपली होती.

अकराच्या सुमाराला कुणीतरी बातमी आणली, की सरकारी भांडारात गोठवलेल्या कोंबड्या आल्यात. खोली क्षणात रिकामी झाली. उरले बरसूमकाका, शहाता आणि घड्याळ.

शहाताने ते कान देऊन ऐकलं. घड्याळ घाईत होतं. त्याची टिकटिक दम लागल्यासारखी येत होती. तो टेबलावर चढला, झाकण उघडलं आणि पाहतो तर काय, लंबकाचा गोळा हिरव्या सुताने वर ओढून बांधलेला. गोळा वर गेला की लंबक जलद हलतो, म्हणजे घड्याळ पुढे पळतं.

"काका, हे कुणा गाढवाने बांधलं?"

"मी आलो तेव्हापासून आहे," काका म्हणाले. "मी आपला रोज संध्याकाळी काटे मागे घेतो."

"आता घेऊ नका."

काकांनी फडकं झटकलं. तीस वर्षांत त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं आणि आताही कुणी विचारत नव्हतं. शहाताने दोरा कापला, तेलाचा थेंब सोडला, बारा वाजताच्या भोंग्याला काटे जुळवले आणि खाली उतरला. त्या दिवसातला तेवढाच अर्धा तास त्याला माणसात आल्यासारखं वाटलं. लोक कोंबड्या घेऊन परतले, तेव्हा त्याने सांगून टाकलं, "घड्याळ दुरुस्त केलंय. आता मिनिटाचा फरक पडायचा नाही."

सगळ्यांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. वस्फी एफंदींच्या हातातल्या कोंबडीतून पाणी ठिबकत होतं. "अल्ला तुझ्या हातांना यश देवो," ते अतिशय हळू म्हणाले. शहाताला ते कौतुक वाटलं. कोंबड्या वितळतील या सबबीवर त्या दिवशी सगळे लवकरच पांगले, आणि संध्याकाळी काका नेहमीसारखे काटे मागे घेतीलच, असं धरून चालले.

त्या ऑफिसचा नियम असा, की घड्याळात सव्वाआठ झाले की बरसूमकाकांनी हजेरीचा कागद उचलून मॅनेजर रऊफ बे, म्हणजे रऊफसाहेब, यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. काकांनी तो नियम कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशीही मोडला नाही. खरेखुरे सव्वाआठ झाले, कागद गेला आणि त्यावर एकच सही होती, शहाताची. पाच मिनिटांनी एफंदी मंडळी हसतखेळत आत आली, तर टेबलावर पेन तेवढं उरलेलं. सगळ्या ऑफिसचा खाडा.

दुपारी आणखी मोठा तमाशा झाला. सगळे कागद आवरून, टोप्या घालून बसले आणि काटा काही सुटीच्या दोनवर येईना. मदाम इफ्फत वेणी घातलेल्या लसणासारख्या गप्प लटकल्या होत्या. वस्फी एफंदींनी स्वतःचं मनगटी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं आणि पुन्हा पाहिलं. पण बोलणार काय? घड्याळ बरोबर चालतंय, अशी तक्रार जगात कुठल्या साहेबाकडे करता येते?

दोन वाजले, तेव्हा मदाम इफ्फत शहाताच्या टेबलापाशी थांबल्या.

"उस्ता, तुम्ही मन लावून काम केलंत, म्हणून सांगते. काका संध्याकाळी काटे मागे घ्यायचे, म्हणून ते घड्याळ सकाळी पाव तास मागे असायचं आणि पळत पळत दुपारी पाव तास पुढे."

"म्हणून तर दुरुस्त केलं."

"तो आमचा पगार होता हो," त्या म्हणाल्या. "माझी मुलं शाळेच्या फाटकावर उभी असतील आत्ता. वस्फी एफंदी तालुक्याच्या गाडीने जाऊन धान्याच्या दुकानात हिशेब लिहितात. ती गाडी दोनला सुटते. दुकानदार काय म्हणेल, अल्ला जाणे. तुम्हा लोकांना ओव्हरटाइम मिळतो. आम्हाला महिनाअखेरीपर्यंत टाय तेवढा पुरतो. सरकारने पगार वाढवला नाही, म्हणून घड्याळाने वाढवला होता."

शहाता खुर्चीवरून उठून उभा राहिला. पंचवीस वर्षं साचेखात्यात सगळे म्हणायचे, एफंदी काय, खुर्चीवर बसून खातात. त्यानेही म्हटलं होतं. खुर्चीवरून उठून ते लोक दुसऱ्या कामाला पळतात, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गलीला हानमचा निरोप आला. वस्फी एफंदींची तब्येत बरी नाही, गुरुवारची फातिहा पुढे ढकलावी, कधीचं ते कळवू. विदादने निरोप ऐकला, स्वयंपाकघरात गेली आणि कांदा नसताना डोळे पुसू लागली.

इंशिराहने मात्र आवाज चढवला. "तुम्हाला बसायला खुर्ची दिली होती. चढायला नाही."

"घड्याळ चुकत होतं, इंशिराह."

"तुमचं काय जात होतं? भिंत त्यांची, वेळ त्यांची. चुकतंय ते सगळं तुमच्याच वाट्याला आलंय का? उद्या माझ्या आईचं काही चुकेल, तिलाही तेल घालाल."

"मग काय करू?"

"जसं होतं तसं करून या. आणि मुलीचं लग्न होईपर्यंत कशालाही हात लावू नका. दाराची कडीसुद्धा मी लावीन."

तिसऱ्या दिवशी शहाता भोंग्याच्याही आधी ऑफिसात पोचला. साचेखात्यातून हिरव्या सुताचा तुकडा मागून आणला होता. टेबलावर चढला, लंबक हातात धरला आणि अडला. आयुष्यभर बिघडलेली वस्तू नीट केली होती. नीट चाललेली वस्तू बिघडवायला हात पुढे होत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. दुसरं म्हणजे, दोरा नेमका कुठे होता ते त्याने पाहूनच ठेवलं नव्हतं. जरा खाली बांधला तर गाडी चुकणार, जरा वर बांधला तर ऑफिस जेवणाआधीच घरी.

"कोण आहे वर?"

दारात रऊफ बे उभे होते. कालचा एका सहीचा कागद त्यांच्या हातात होता. मागे जिन्यावर वस्फी एफंदी आणि बाकीची मंडळीही दिसत होती. काल पोळल्यामुळे सगळेच आज लवकर आले होते. आता कुणाला पुढे यायचा धीर होईना, आणि परत जायचाही.

"मी, बे. शहाता."

"काय चाललंय?"

शहाताने खाली पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर गावभर त्याच्या हाताचं नाव झालं असतं आणि सगळी खोली कायमची पकडली गेली असती. तो म्हणाला, "परवा हे घड्याळ चांगलं चालत होतं, बे. मी नसता हात घातला आणि बिघडवलं. काल ते पाव तास पुढे होतं. ही माणसं वेळेवर आली होती, एकटा मीच... म्हणजे चूक माझ्या हातची आहे. आता दुरुस्त करतोय."

एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले. साचेखात्यातला शहाता, आणि साधं घड्याळ बिघडवलं म्हणतो. जिन्यावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

रऊफ बे यांनी त्याच्या बोटांतला हिरवा दोरा पाहिला. मग दार आतून लावून घेतलं आणि टेबलापाशी आले.

"बांध," ते म्हणाले.

शहाताने गोळा थोडा उचलला आणि दोरा गुंडाळला.

"आणखी वर," बे म्हणाले. "अजून जरासा. हं. तिथे."

शहाताने मान वळवून खाली पाहिलं.

"त्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी नऊ वर्षं कारकुनी केली," रऊफ बे म्हणाले. "आई आजारी होती आणि दवाखान्यात भेटायची वेळ अडीचपर्यंत. तेव्हा दोरा लाल होता. हिरवा नंतर कुणी बदलला, ते मी कधी विचारलं नाही. काल मीसुद्धा दोनची वाट बघत खुळ्यासारखा बसून होतो. आता काटे मागे घे."

कालचा खाडा रद्द झाला. पण शहातालाही खुर्ची सोडावी लागली. "ज्याला चुकलेलं बघवत नाही, त्याला ऑफिसात ठेवायचं म्हणजे रोज एक भानगड," बे म्हणाले आणि त्याला साचेखात्यात परत पाठवलं. ओव्हरटाइमसकट, दुधासकट. गावात मात्र महिनाभर थट्टा चालली, की शहाताला एक घड्याळ झेपलं नाही. हमालसुद्धा त्याला वाटेत अडवून किती वाजले विचारायचे. त्याने कुणालाही खरं सांगितलं नाही, अगदी इंशिराहलाही पंधरा दिवस नाही.

ती तोवर रोज रडत होती, की मुलीचं नशीब शर्टाबरोबर उतरलं. मग एका गुरुवारी काही न कळवता वस्फी एफंदी आणि गलीला हानम बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, ताट घेऊन दारात उभे राहिले. वस्फी एफंदी बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "या माणसाने आमच्यासाठी स्वतःच्या हाताची बदनामी करून घेतली. अनेक टायवाले पाहिले, गलीला, पण असं करणारा एकही नाही पाहिला. मला हाच व्याही पाहिजे." गलीला हानमने पदरासारखा रुमाल सावरला आणि विदादला जवळ बसवून घेतलं. फातिहा त्याच संध्याकाळी वाचली गेली.

पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला शहाता शर्ट घालून ऑफिसचा जिना चढायचा. घड्याळ उतरवायचा, पुसायचा, तेल द्यायचा आणि दोरा तपासायचा. त्या दोन तासांचा त्याला ओव्हरटाइम मिळे, आणि त्या कागदावर सही त्याच्या व्याह्याची असे. अख्ख्या गिरणीत घड्याळ चुकतं ठेवण्याचे पैसे घेणारा तो एकटाच कामगार होता, आणि त्याच्याइतकं मन लावून ते काम दुसऱ्या कुणी केलंही नसतं.