खारूताईची ढोली फुल्ल!

"पोरीला फक्त माझ्या ताब्यात द्या," आजी म्हणाली. "आठवड्याभरात अशी सरळ करते, की वाटेतल्या मुंगीलासुद्धा म्हणेल, आधी तुम्ही जा!"

ही बढाई उगाच नव्हती. आजीने उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टरकी केली होती. उभं म्हणजे अगदी खरोखरचं उभं! सगळ्या शहराला बसायला जागा करून दिली आणि स्वतः दांडा धरून राहिली. दारात लोंबकळणाऱ्या दांडग्या पुरुषांना ज्या आवाजाने ती आत सरकवायची, तो आवाज काही तिच्याबरोबर निवृत्त झालेला नव्हता. तिथे बालवर्गातल्या एका चिमुरडीची काय कथा!

ही चिमुरडी म्हणजे तिची नात, भिंगरी. भिंगरीने वर्गातल्या एका मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो माझ्या जागेवर बसला!" झालं! टीचरनी सुनेला बोलावून घेतलं, आणि सून घरी परतली ती चित्रांच्या पुस्तकांचा अख्खा संच घेऊनच. दयाळू हत्ती, दयाळू बदक, दयाळू कासव, दयाळू खारूताई. मुखपृष्ठावर सगळे असे गोड हसत होते, जणू त्यांना जन्मात कोणी कोपर मारलेलं नाही.

"आई, दुपारी तिला रोज एक वाचून दाखवाल?" सुनेने विचारलं.

"एक काय घेऊन बसलीस? दोन दाखवते!"

वाचन चालायचं आजीच्या खुर्चीत. या खुर्चीबद्दल सांगायलाच हवं. निवृत्त झाल्यावर आजीने घरात एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे खिडकीची जागा. बाकी सगळं तिने एकेक करून सोडलं होतं. आधी कपाटातले कप्पे गेले, मग टेबलाचा कोपरा गेला, मग भिंगरी आली आणि दुपारची झोप गेली. "आई समजूतदार आहे" असं मुलगा म्हणाला, की आपलं काहीतरी जाणार हे आजी ओळखून असायची. खिडकीची खुर्ची तेवढी राहिली होती. तिथे बसलं की खालचा रस्ता दिसायचा, बसथांबा दिसायचा, आणि दुसऱ्या कोणाची तरी गर्दी आरामात बघता यायची.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुलगा म्हणाला, "आई, तू समजूतदार आहेस म्हणून सांगतो..."

आजीने आपलं काय काय उरलंय ते मनात मोजलं.

"ट्रेडमिल मागवलंय. शनिवारी येईल. त्याला खेळती हवा लागते, म्हणजे खिडकीशीच ठेवावं लागणार. तुझी खुर्ची आपण पॅसेजमध्ये हलवू."

"पॅसेजमधून काय दिसतं रे?"

"दिसायचंय काय? चपलांचं कपाट आहे. पण शांत आहे अगदी!"

भर रस्त्यात ड्रायव्हरलासुद्धा गप्प करणारी आजी घरात मात्र नुसतं "बघू" म्हणाली. स्वतःसाठी भांडायची सवयच नव्हती ना! ती पुस्तक उघडून बसली.

पहिलंच निघालं खारूताईचं. खारूताई थंडीसाठी अक्रोड जमवते. ससा येतो, त्याला अर्धे देते. उंदीर येतो, त्याला उरलेले देते. शेवटी येतं घुबड. म्हणतं, मला घर नाही. खारूताई आपली उबदार ढोली त्याला देऊन टाकते आणि बाहेर फांदीवर जाऊन बसते. शेवटच्या पानावर बर्फ पडतंय, खारूताईचं शेपूट गोठलंय आणि खाली लिहिलंय, 'आणि खारूताईला खूप खूप आनंद झाला!'

भिंगरीने गोठलेल्या शेपटावर बोट ठेवलं. "आजी, मग ती झोपणार कुठे?"

"झोपेल की... फांदीवर."

"मरून जाईल ती!" आणि भिंगरीने भोकाड पसरलं.

आजीने ते पान पुन्हा पाहिलं. ढोलीत घुबड पाय पसरून घोरत होतं. बाहेर खारूताई हसत होती. एकाएकी आजीचं डोकंच फिरलं. आनंद? कसला आनंद? पॅसेजमध्ये हलवली म्हणून?

"थांब गं, आजी पान चुकली," ती म्हणाली. "खरं काय लिहिलंय ऐक. घुबड आलं. म्हणालं, मला ढोली दे. तशी खारूताई दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, गाडी फुल्ल! मागून रिकामी येतेय! टिंग टिंग!"

भिंगरीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "पुन्हा वाच!"

मग काय विचारता! आजीच्या अंगात कंडक्टर संचारला. दयाळू हत्ती पुस्तकात साऱ्या जंगलाला पाठीवर घेऊन नदी पार करत होता. आजीच्या वाचनात तो म्हणायला लागला, "दोघांच्या वर घेणार नाही! माझी पाठ आहे, मालगाडी नाही!" दयाळू बदक स्वतः भिजून छत्री देऊन टाकायचं, ते आता "तुमची कुठे विसरलात?" असं खडसावून विचारायला लागलं. कासव तर सरळ "मला वेळ नाही" म्हणून कवचात शिरलं. भिंगरी टाळ्या पिटायची. सून स्वयंपाकघरातून ते खिदळणं ऐकायची आणि मनात म्हणायची, पोरीला दया आवडायला लागली!

शनिवारी शाळेत कार्यक्रम होता. 'दयाळूपणाचा दिवस'! पालक खुर्च्यांवर, मोठ्या बाई पहिल्या रांगेत, आणि मंचावर त्याच खारूताईचं नाटुकलं. खारूताईची भूमिका भिंगरीला, आणि घुबडाची, चावा विसरून मैत्री व्हावी म्हणून, ज्याला चावली होती त्या मुलाला! ढोली म्हणून फ्रिजचं मोठं खोकं उभं केलं होतं. आजीचा मुलगा मोबाइल सरसावून बसला. आजीला मात्र घाम फुटला. आपलं वाचन असं मंचावर येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ससा आला. "खारूताई, मला अक्रोड दे!"

"घरून डबा आणला नाहीस?" खारूताई म्हणाली.

प्रेक्षक हसले. टीचर पडद्याआडून कुजबुजल्या, "दे, बाळा, दे!" भिंगरी हलली नाही. उंदीर आला, त्यालाही तेच उत्तर. शेवटी घुबड आलं. दंडाला हात लावून, अंतर राखूनच उभं राहिलं.

"मला... मला ढोली दे."

भिंगरीने कमरेवर हात ठेवले. "गाडी फुल्ल! मागून रिकामी येतेय! टिंग टिंग!"

घुबडाने मागे वळून पाहिलं. मागून काहीच येत नव्हतं! ते भोकाड पसरून रडायला लागलं. ते बघून ससा रडला. उंदराचं मात्र भलतंच झालं. त्याला ते वाक्य इतकं आवडलं, की तोही नाचत "फुल्ल! फुल्ल!" करायला लागला, आणि क्षणात सगळं जंगल ओरडायला लागलं.

मोठ्या बाई उठल्या. "हे कोणी शिकवलं तुला?"

"पुस्तकात आहे!"

टीचरनी घाईघाईने पुस्तक उघडलं. "कुठे आहे? मला तर दिसत नाही!"

"मग तुम्हाला अजून वाचता येत नाही," भिंगरीने समजूत घातली. "माझ्या आजीला येतं."

सगळ्या माना वळल्या. मुलाने मोबाइल खाली केला. सुनेने डोळे मिटून घेतले. "आई, बस खाली," मुलगा दातओठ खात पुटपुटला.

बस खाली! आजीला उठायचंही नव्हतं खरं तर. पण हे ऐकलं आणि ती उठली.

"मी वाचलं तसं!" जुना आवाज घुमला आणि मागच्या रांगेतल्या माणसांचे हात नकळत खिशाकडे गेले. "आणि पुन्हा वाचीन! ती थंडीत कुडकुडतेय आणि तुम्ही लिहिता, आनंद झाला! तिला विचारलंत? एवढ्याशा पोरांना हे शिकवता? आयुष्यभर लोकांना गाडीत चढवलं मी. पण दुसऱ्याला चढवायचं म्हणून आतल्याला चालत्या गाडीतून खाली नाही ढकललं कधी!"

"अहो, पण ते घुबड रडतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याचं काय?"

हा प्रश्न रास्त होता. आजी तरातरा मंचावर गेली. घुबडाचे डोळे पदराने पुसले आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"एवढंसं तर आहे! भिंगरे, आत सरक!"

"पण माझी जागा..."

"तुझी तुझ्याकडेच राहील. चढलेल्याला कोणी उतरवत नाही. नुसतं सरकायचं. सरक!"

भिंगरीने विचार केला आणि सरकली. घुबड आत गेलं. घाबरत घाबरत दोघं एकमेकांकडे बघून हसली. सुनेचे डोळे पाणावले. मोठ्या बाईंनी टाळी वाजवली. आजी इथेच थांबती, तर तिचा सत्कारच झाला असता!

पण कंडक्टरला खोक्यात जागा दिसली. "चला, ससा आत! उंदीर, दारात उभा राहू नकोस! पुढे सरका, पुढे बरीच जागा आहे! हत्ती कोण? चल, ये!"

हत्ती चढला आणि फ्रिजचं खोकं चारी बाजूंनी फाटलं! सगळं जंगल घरंगळत मोठ्या बाईंच्या पायांशी आलं. एकही प्राणी रडत नव्हता. रडत होत्या त्या फक्त टीचर.

मुलाने सगळ्यांना तडक घरी आणलं. दाराशी दोन हमाल ट्रेडमिलचं धूड घेऊन उभे होते.

"कुठे ठेवायचं साहेब?"

"खिडकीशी," मुलगा म्हणाला. "ती खुर्ची उचला."

आजी चपला न काढताच आत गेली आणि खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. भर सभेत बोलणं सोपं होतं. हे अवघड होतं.

"आई, अगं, तू समजूतदार..."

"नाही!" आजी म्हणाली. "समजूतदार होते. आता निवृत्त झाले. गाडी फुल्ल! मागची खोली रिकामी आहे!"

"टिंग टिंग!" भिंगरी म्हणाली.

हमालांनी हे ऐकलं आणि साहेबांची वाट न बघता धूड उचलून मागे चालायला लागले. त्यांना बहुधा बसची सवय असावी. मागची खोली मुलाची होती. तेव्हापासून ट्रेडमिल त्याच्या पलंगाशेजारी उभं आहे आणि त्यावर टॉवेल उत्तम वाळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी ताठ मानेने खिडकीशी आली. खुर्चीत भिंगरी बसली होती. मांडीवर पुस्तक, दोन्ही बाजूंना कापडी अस्वलं.

"ऊठ गं, माझी जागा आहे ती."

भिंगरीने मान वर केली. "आजी, चढलेल्याला कोणी उतरवत नाही."

आजी दांडा शोधत असल्यासारखी तिथेच उभी राहिली. मग भिंगरीला दया आली. तिने एक अस्वल उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर बसवलं आणि कडेला चार बोटं जागा केली.

"बस. मी सरकले बघ!"

"आणि खिडकी?"

"खिडकी माझी."

आजी बसली. अर्धी खुर्चीवर आणि अर्धी हवेत. पडू नये म्हणून तिने खिडकीचा गज धरला आणि पुस्तक उघडलं.