अकरा माणसांचा श्वास

डेन्मार्कहून आलेल्या मेलमध्ये मोजून चार वाक्यं होती, पण गायत्रीने ती तीनदा वाचली. पालीजवळच्या नमुना घरात सध्या अकरा माणसं राहत असल्याचं आमच्या नोंदींवरून दिसतं. घर चौघांसाठी बांधलेलं आहे. गेल्या नऊ दिवसांत या अकरांपैकी कुणीही घराबाहेर पडलेलं नाही. शौचालय घराबाहेर असल्याचं आराखड्यात स्पष्ट दिसतं, त्यामुळे आम्हाला अधिकच काळजी वाटते.

काळजी वाटण्यासारखंच होतं. पुण्यातली गायत्रीची संस्था आणि डेन्मार्कची ती संस्था यांनी मिळून टिकाऊ घरांचा बेचाळीस पानी करार केला होता. राजगडाच्या पायथ्याशी पालीच्या वरच्या अंगाला बारा घरांची एक वस्ती होती. तिच्या डोक्यावर कडा होता आणि दर पावसाळ्यात दोन-चार धोंडे कुणाच्या ना कुणाच्या अंगणात येऊन बसत. ग्रामपंचायतीने खाली गायरानात जागा दिली. तिथे आधी एकच घर उभं राहिलं, ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या हातभर जाड भिंतींचं. त्यात एका कुटुंबाने सलग नव्वद दिवस राहून दाखवायचं, म्हणजे उरलेल्या अकरा घरांना मंजुरी. नाही राहिले, तर डेन्मार्कची मंडळी दुसरा देश बघणार.

लोक खरंच राहतात की नाही हे पाहायला कॅमेरा लावणं करारात बसत नव्हतं. म्हणून भिंतीवर एक पांढरी डबी बसवली होती. घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साईड किती, हे ती दर दहा मिनिटांनी कोपनहेगनला कळवायची आणि तिथला संगणक त्यावरून माणसं मोजायचा. ही पद्धत गायत्रीनेच सुचवली होती आणि तिच्या अचूकपणाबद्दल तिला कधी शंका आली नव्हती.

पाडव्याला साळूबाई, त्यांचे यजमान दादू, मुलगा अमृत आणि सून वैष्णवी नव्या घरात गेले. आकडे पुस्तकातल्यासारखे येऊ लागले. रात्री चार, दिवसा एक किंवा शून्य. मग मेच्या मध्यावर सहा झाले. प्रकल्पाचे प्रमुख इंद्रजित सर यांनी लगेच डेन्मार्कला कळवलं, ‘शाळेला सुट्टी आहे, पाहुणे आले असतील.’ मग नऊ झाले. सरांनी एकत्र कुटुंबपद्धतीवर अर्धं पान लिहून पाठवलं. अकरा झाल्यावर त्यांनी लिहिलं, ‘रहिवाशांना घर इतकं आवडलं आहे की ते बाहेर पडायलाच तयार नाहीत.’

या वाक्यावर तिकडच्या मानवी हक्क समितीची बैठक झाली. डॉ. इंगर या प्रकल्पाच्या तिकडच्या प्रमुख, त्या कामासाठी दिल्लीत आलेल्याच होत्या. गुरुवारी दुपारी आपण स्वतः येत आहोत, असं त्यांनी कळवलं.

गुरुवारी सकाळी दहालाच गायत्री आपल्या स्कूटरवरून वस्तीखाली पोचली. नव्या घराचं दार बंद होतं आणि खिडक्यांना आतून गोधड्या कोंबलेल्या होत्या. साळूबाई बाहेर जांभळीखाली खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या.

“मावशी, घरात कोण कोण आहे?”

“कोन न्हाई. आमी समदी भाईर.”

“मग दार का लावलंय?”

“ऊब जाती.”

गायत्रीने दार उघडलं आणि दोन पावलं मागे आली. वास एखाद्या माणसासारखा पुढे येऊन भेटला. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत भाताचा पेंढा पसरला होता आणि पेंढ्यात आंबे होते. मधून पाय ठेवण्यापुरती वाट सोडून बारा ओळी घातल्या होत्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

“हे काय आहे?”

“आडी.”

“ते दिसतंय. पण इथे?”

“मग कुठं घालू? वरच्या घरात कौलं वानरं उचकटत्यात, खाली उंदरं. हितं उंदीर शिरत न्हाई, वानर शिरत न्हाई, ऊन लागत न्हाई. लई गुणाचं घर बांधलंय तुमी.”

आभार मानावेत की कपाळाला हात लावावा, हे गायत्रीला ठरवता येईना. “आणि या चिंध्या?”

“ज्येची त्येची वळख. म्या आमची आडी घातली, ती बघून बनाबाईनं आणलं. बनाबाईचं बघून मंगलनं. मग कुनाला न्हाई म्हनू? सारी वस्तीच आली.”

“आणि तुम्ही झोपता कुठे?”

“अंगनात,” साळूबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “वैशाखाच्या उकाड्यात आत कोन झोपतंय, बाई?”

गायत्री उंबऱ्यावर बसली. आंबा झाडावरून उतरला तरी श्वास घेत राहतो, आणि पिकायला लागला की जास्तच जोराने घेतो. तिने ओळी मोजल्या, एका ओळीचं वजन अदमासलं, मनात गुणाकार केला. दीड टन. झोपलेली अकरा माणसं. डबी अगदी बरोबर सांगत होती. याचा गायत्रीला क्षणभर आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि मग तिने सरांना फोन लावला.

सर गाडीत होते. शेजारी डॉ. इंगर असल्यामुळे ते अत्यंत हसऱ्या आवाजात बोलत होते.

“आंबे? वा! किती?”

“दीड टन, सर.”

“छान, छान. आम्ही कात्रज सोडलं. तेवढ्यात बाहेर काढ, नाहीतर आपण संपलो. ठेवू मग?”

साळूबाईंनी हाक दिली तशा वस्तीतल्या बाया खाली आल्या. आंबे हलवायचं म्हटल्यावर बनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अर्दं कच्चं हाय आजून. आत्ता हलवलं तर डाग पडंल. म्हागनं बाजारात कोन हात लावंल त्येला?”

“बनाबाई, नव्वद दिवस माणसं राहिली नाहीत असं दिसलं, तर उरलेली अकरा घरं होणार नाहीत,” गायत्रीने सांगितलं. तिला याहून गोड करून सांगता येत नसे.

बनाबाईने वर कड्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी आलेला धोंडा अजून तिच्या तुळशीशेजारी होता. तो हलवता आला नाही म्हणून त्यावर ती पापड वाळत घालायची. तिने पदर खोचला.

“चला गं.”

पाट्या भरून आंबे जांभळीच्या सावलीत जाऊ लागले. काम झपाट्याने चाललं होतं आणि भांडणही.

“माजा शेपू आंबा तुज्या पाटीत कसा गं?”

“त्याला इचार की. पायानं आला आसंल.”

“पायानं तर तूच आनतीस. सालोसाल.”

खोली जवळजवळ रिकामी झाली आणि सरांचा फोन आला. गाडी मार्गासनीला पोचली होती. आवाज अजून हसरा होता, पण त्यातला जीव गेला होता. फोनचा स्पीकर लागलेला असल्याने वस्तीनेही तो ऐकला.

“गायत्री, बाई मोबाईलवर आकडा बघतायत. अकराचे सात झाले, साताचे तीन. विचारतायत, आठ माणसं अर्ध्या तासात कुठे नेली? पोलिसांना कळवू का म्हणतात.”

“दार उघडं आहे, सर. हवा बदलली.”

“हवेचं नंतर. आत कुणालातरी बसव.”

“सर, ते बरोबर होणार नाही.”

पण ‘बसव’ हा शब्द बनाबाईपर्यंत पोचला होता. “मानसं पायजेत व्हय? मग आदी सांगायचं.” तिने पाटी खाली ठेवली, मुलांना गोळा केलं आणि सगळ्यांना घेऊन आत गेली.

“अहो, एवढी नका जाऊ,” गायत्री म्हणाली, तोवर दाराला आतून कडी लागली.

पंधरा मिनिटांनी फोन आला. सर आता हसत नव्हते. “सव्वीस.”

“बरोबर आहे,” गायत्री म्हणाली. “सगळी आत जाताना मी मोजली होती.”

गाडी आली. डॉ. इंगर साठीच्या, उंच, ट्रेकला जाणाऱ्यांसारखे बूट घातलेल्या. त्यांनी झाडाखालचे आंबे पाहिले, मग बंद दार पाहिलं. सर पुढे होऊन म्हणाले, “ही आमच्याकडची स्वागताची जुनी पद्धत आहे.” तेवढ्यात आतल्यांचा धीर सुटला. कडी निघाली आणि सव्वीस माणसं घामाने निथळत, एकामागून एक बाहेर आली. सगळ्यांत शेवटी साळूबाई, डोक्यावर पाटी घेऊन.

“ही कोपऱ्यात ऱ्हायली व्हती,” त्यांनी गायत्रीला सांगितलं.

डॉ. इंगर सरांकडे न पाहता गायत्रीकडे वळल्या. “माझी अकरा माणसं कुठे आहेत?”

बायांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण प्रश्न कळला होता. गायत्रीने झाडाकडे बोट केलं.

“तिथे. दीड टन गावठी आंबे. पिकायला घातले होते. घरात नऊ दिवस कुणीही राहत नव्हतं.”

सर राजगडाकडे पाहू लागले, जणू तो आजच दिसला.

डॉ. इंगर यांनी वही काढली. “किलोमागे ताशी किती धरलंत?”

गायत्रीने आकडा सांगितला. त्यांनी तापमान विचारलं, तिने तेही सांगितलं. दोघी पाच मिनिटं उन्हात उभ्या राहून गुणाकार करत होत्या.

“माझ्या हिशेबाने साडेदहा येतात,” डॉ. इंगर म्हणाल्या.

गायत्रीने पुन्हा करून पाहिलं. “साडेदहा,” तिने मान्य केलं.

“गणित सुंदर आहे,” डॉ. इंगर यांनी वही मिटली. “पण अट मोडली. कुटुंब घरात राहिलं नाही.”

“काय म्हनतीया?” साळूबाईंनी विचारलं. गायत्रीने सांगितलं.

“तिला इचारा, जपायची वस्तू ती चांगल्या घरात ठेवती का अंगनात?” साळूबाई पाटी उतरवत म्हणाल्या. “आमी काय, मिरग लागला की जाऊ आत. आंबं वर्सातनं एकदाच येत्यात. आन् वर माळा दिला आसता तर आंबं वर, मानसं खाली. तुमी माळाच दिला न्हाई. माळा न्हाई ते घर न्हाई, नुसती खोली हाय.”

गायत्रीने शब्दाला शब्द सांगितला, ‘नुसती खोली’सकट. आराखड्यावर डॉ. इंगर यांची सही होती, आणि गायत्रीचीही.

डॉ. इंगर यांनी ‘माळा’ हा शब्द वहीत लिहून घेतला. सरांनी पाहुणीची रात्रीची सोय मुद्दाम नमुना घरातच केली होती. खोली झाडून, नवी चादर घालून त्यांनी स्वतः पंख्याची दिशा नीट केली. पण सकाळी चहा घेऊन वैष्णवी गेली, तेव्हा आत चादरीला सुरकुतीही नव्हती. डॉ. इंगर अंगणात दादूंच्या शेजारच्या खाटेवर गोधडी घेऊन गाढ झोपल्या होत्या.

“बघा,” साळूबाई गायत्रीला म्हणाल्या. “तिला बी कळतं.”

जाग आल्यावर डॉ. इंगर यांनी एकामागून एक चार आंबे खाल्ले, हात धुतले आणि वही मागवली. “आम्ही आणखी तीन देशांत अशी घरं बांधली आहेत,” त्या गायत्रीला म्हणाल्या. “तिथे तपासणीला आम्ही जातो तेव्हाच कुटुंब घरात असतं. इथे न सांगता बारा कुटुंबांनी घर भरलं. नव्वद दिवसांची मोजणी पावसाळ्यात पुन्हा करा, पण अकरा घरांसाठी थांबू नका. आता तो माळा कसा असतो ते दाखवा.”

माळा बनाबाईने दाखवला, काठीने मातीत रेघा ओढून. उंची किती, जिना कुठून, वारा कुठून. गायत्रीने मापं घेतली. सरांनी त्या रेघांचे फोटो काढले आणि ‘लोकसहभाग’ या नावाने त्याच दिवशी सगळीकडे पाठवले.

जुलैच्या मध्यावर अकरा घरांचा सुधारित आराखडा मंजूर होऊन आला. नमुना घरात साळूबाईंचं कुटुंब केव्हाच परतलं होतं. डबी रोज रात्री चार दाखवत होती.

त्याच आठवड्यात मानवी हक्क समितीचीही मेल आली. डॉ. इंगर यांचा अहवाल त्यांच्यापर्यंत अजून पोचला नव्हता, तो दुसऱ्या विभागात होता. ‘मे महिन्यात घरात अकरा व्यक्ती होत्या. आता चारच दिसतात. उरलेल्या सात व्यक्तींचं काय झालं, हे समितीला तातडीने कळवावं.’

सरांनी फोन करून सांगितलं, “सांभाळून लिही. पण खरं तेच लिही.”

गायत्रीने क्षणभर विचार केला. प्रश्न आकड्यांचा होता आणि आकडा चुकलेला तिला कधीच चालत नसे. तिने लिहिलं:

‘आपल्या नोंदीत थोडी दुरुस्ती हवी. सात नव्हे, अकराही गेले. सध्या घरात आहेत ते चौघे वेगळे. अकरांपैकी सात नसरापूरच्या बाजारात विकले. वस्तीने मिळून चाराला थोडे कमी खाल्ले. उरलेला एकाचा शंभरावा हिस्सा डॉ. इंगर यांनी दोन दिवसांत जागेवरच संपवला. चव उत्तम होती, असं त्यांचं मत आहे.’

तिने बेरीज एकदा तपासून पाहिली. ती जुळत होती. मग तिने मेल पाठवून दिली.