नरसव्वाच्या उजव्या हाताचं अपील

विडी कारखान्यानं नरसव्वा येमूलच्या उजव्या हाताला कामावरून कमी केलं आणि डाव्याला ठेवलं.

कारण सरळ होतं. कारखान्यात वळायचं यंत्र आलं. यंत्र विडी वळायचं, दोरा बांधायचं, तोंड मुडपायचं; फक्त पान धरायला त्याला माणसाचा डावा हात लागायचा. सोलापुरात डाव्या हातांना काय तोटा?

नरसव्वा लग्न होऊन आली तेव्हापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. चेकर विड्या तपासून नापास विड्या फेकतो, त्याला छाट म्हणतात. चेकर सिद्राम सगळ्या बायकांची छाट काढायचा, चांगल्या विड्यांचीसुद्धा. नरसव्वाच्या जुडीशी मात्र तो पोचला की तिचा उजवा हात सुपावरून उठायचा आणि हवेत थांबायचा. सिद्राम जुडी तशीच पुढं सरकवायचा. असा तो हात होता.

बेकार झाल्यावर हातानं रीतसर बेकारभत्त्याचा अर्ज केला. तो लगेच नामंजूर होऊन आला. शेरा असा होता: अर्जदारानं अर्जावर स्वतः सही केली आहे. सही हे काम आहे. सबब अर्जदार बेकार नाही.

नरसव्वा सरकारी कचेरीच्या खिडकीवर गेली. "हातानं सही करायची नाही, तर कुणी करायची? पायानं?"

"पाय अर्जदार नाहीत बाई," कारकून म्हणाला. "डावा कारखान्याचा नोकर, त्याला कारखान्याची परवानगी लागेल. तुम्ही तोंडी अपील करा. तोंडाला कुठं नोकरी नाही ना?"

"नोकरी नाही," नरसव्वा म्हणाली, "पण ते कधी बसून राहिलेलं नाही. लिहा अपील."

कारकुनानं लिहिलं आणि नियम वाचून दाखवला. निकाल लागेपर्यंत हातानं कसलंही काम करायचं नाही. अपील फेटाळलं तर हाताची नोंद 'स्वतःहून काम सोडलेला' अशी होणार, आणि तशा हाताला पुन्हा कुठलाही कारखाना घेत नाही.

घरी सून पद्मा म्हणाली, "अत्त्या, सोडून द्या की. भत्ता असा किती येणार?"

"भत्ता गेला खड्ड्यात. ह्या हातानं तीन लेकरं वाढवली, आणि त्याच्या नावावर 'काम सोडून पळाला' लिहून घेऊ? मी मेले तरी हात तसा जाळू देणार नाही."

त्या दिवसापासून हात बसला. भाकरी पद्मा थापू लागली, वेणीही तीच घालू लागली. कारखान्यातून आल्यावर डुलकी लागली की नरसव्वाची बोटं आपोआप हलायची, नसलेलं पान नसलेल्या तंबाखूवर वळायची. पद्मा लगेच तिला जागं करायची. मग नरसव्वा हात पदराखाली घ्यायची आणि हळू आवाजात म्हणायची, "दम धर."

गल्लीतल्या बायका येता-जाता हाताची चौकशी करायच्या. "लागला का कुठं?" "नाही अजून." "लागेल. गुणी आहे."

जेवण डाव्या हातानं. घरात ते चाललं, पण भाच्याच्या लग्नात भर पंगतीत नरसव्वानं डाव्या हातानं घास उचलला आणि वाढप्यांची भांडी जागच्या जागी थांबली. विहीणबाई वाकून म्हणाल्या, "नरसव्वा, अहो, डाव्यानं?"

"उजवा बेकार आहे. सरकारात केस आहे त्याची."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. साक्षीला उपयोगी पडतील. आमटी वाढा."

सुनावणीच्या दिवशी डाव्या हातानं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. अपील अधिकारी ठोंबरे साहेब फाईल उघडून बसले होते. कारखान्याच्या बाजूनं सिद्राम आला होता. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात पानाचा द्रोण.

"साहेब, हा हात घरात सगळं काम करतो. बेकार कसला!" सिद्राम म्हणाला. मग तो नरसव्वाकडं वळला. "मावशी, वाद नंतर. आधी सिद्धेश्वराचा प्रसाद घ्या."

प्रसाद समोर आला की उजवा हात डोक्याला विचारत नाही. ठोंबरे साहेबांचा पुढं आला, कारकुनाचा आला, दाराशी उभ्या पद्माचाही आला. नरसव्वाचा हात मांडीवर होता. बोटं एकदा उघडली. नरसव्वानं त्यांच्याकडं बघितलं. ती मिटली.

"ठेव टेबलावर," ती म्हणाली.

"प्रसादाला नको म्हणता?"

"नको कुठं म्हटलं? देव थांबेल. त्याला तुझ्यासारखी छाट काढायची घाई नसते."

"मग डाव्यानं घ्या."

"डाव्यानं जेवते, त्यात अपमान माझा, तो मी गिळते. प्रसाद डाव्यानं घेतला तर अपमान देवाचा. तो गिळायचा हक्क मला कुणी दिला?"

सिद्रामनं बोट रोखलं. "पण बोटं उघडली, साहेब! मी बघितली!"

ठोंबरे साहेबांनी विचारलं, "उघडली होती का, बाई?"

"उघडली," नरसव्वा ताठ बसून म्हणाली. "हात बेकार आहे, मेलेला नाही. कामाला तयार नाही अशाला तुम्ही भत्ता देता का, साहेब?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. अर्जदार बेकार असावा, असं एका कलमात होतं. अर्जदार कामास सक्षम व तयार असावा, असं त्याच्या खालच्याच कलमात होतं. त्यांनी तळहातावरचा प्रसाद तोंडात टाकला, हात पुसला आणि लिहिलं: 'देवासमोर बसून राहिला, तरी बोटं तयार. दोन्ही कलमं पूर्ण. अपील मंजूर. काम सोडल्याचा ठपका नाही.'

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. पद्मानं डोळ्यांना पदर लावला. सिद्राम रिकामा द्रोण चुरगाळत उभा राहिला.

मग ठोंबरे साहेब पेन मिटून थोडे मागं रेलले आणि थांबले. अपील जिंकलेली माणसं इथं हात जोडतात, अशी पद्धत होती.

नरसव्वा उठली. "साहेब, थांबू नका. डावा रजेवर आहे, रजेवरच्याला कामाला लावायचं नसतं. उजव्याला लावलं तर भत्ता जातो. जोडू काय?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग पेन उघडून निकालाखाली एक ओळ वाढवली: 'नमस्कार प्रलंबित.'

बाहेर शिपायानं पुकारा केला, "मादास यांची पाठ हजर आहे का?"

बाकावरून एक हमाल उठला, वळला आणि उलटा चालत दारातून आत येऊ लागला. नरसव्वानं उजवा हात पदरात नीट घेतला, बाजूला सरकून पाठीला वाट करून दिली, आणि म्हणाली, "ताठ जा गं."