सील न तोडता केलेली तपासणी

"वैनगंगेच्या या अंगाले माह्या डोक्याचा माणूस नाई. त्या अंगाले असन, तर त्यानं अजून तोंड दाखवलं नाई," पत्रूजी नाकाडे आपली ओळख अशी करून देत. "एसटीत कंडक्टर होतो तवा बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या वासानं हुडकत होतो. आमच्या आडनावातच नाक हाये! मोठमोठे वकील ज्या गाठीपुढं हात टेकतीन, ते गाठ मी चहा थंडा व्हायच्या आंधी सोडवतो."

हे सगळं बोलून होईपर्यंत चहा थंड झालेला असे आणि तो पुन्हा गरम करायला त्यांची सून उर्वशी हिला उठावं लागे.

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर उर्वशीचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. सासरे निवृत्त झाले आणि त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून 'नाकाडे गुप्तहेर कार्यालय' अशी पाटी लावली. पाटी एवढी मोठी होती की तिच्यामागं 'झेरॉक्स' हा शब्द पार झाकला गेला. तेव्हापासून गुप्तहेर कुठे बसतो हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, झेरॉक्स मात्र गुप्त राहिलं. सहायक म्हणून उर्वशीची नेमणूकही झाली होती. तिला ती गिऱ्हाइकांकडून कळली.

धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी रीता आली आणि हातातली वेल्डिंग मशीन तिनं दाणकन टेबलावर ठेवली.

"पत्रूजी, माही मशीन मेली."

पत्रूजींनी डोळे बारीक केले. "मेली, का मारली?"

रीता आयटीआयला वेल्डिंग शिकलेली, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. मोठ्या हौसेनं तिनं 'ज्वालासखा' कंपनीची ही मशीन घेऊन दुकान टाकलं. पण बाईनं जोडलेलं गेट आपोआप सुटेल अशी गावाची काहीतरी समजूत असावी, कारण लोक तिच्या दुकानासमोरून भैयाजीच्या जुन्या वेल्डिंगच्या दुकानात जात. मशीन बहुतेक वेळ फडक्याखाली झोपून राही. आता कुठं जंगलालगतच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, इतवारीचं काम आलं होतं. बिबट्या त्याच्या बकऱ्या नेत होता, त्या बांधायच्या कोठ्याला लोखंडी कवाड हवं होतं. रीतानं फडकं काढलं, बटन दाबलं, तर मशीन मुकी. वॉरंटी नुकतीच संपलेली.

"ब्रह्मपुरीच्या सर्विस सेंटरले नेली," रीता म्हणाली. "त्यायनं काही दिवस ठेवून घेतली, तपासायची फी घेतली, अन् म्हणले बोर्ड जळला. नवा बोर्ड टाकण्यापरीस नवी मशीनच घ्या म्हणते."

"मंग तूच खोलून काऊन नाई पाह्यली?" उर्वशीनं विचारलं.

"हे सील हाये ना. सील तोडलं का वॉरंटी जाते."

"वॉरंटी तर गेली ना वं!"

"तेच मी कंपनीले फोनवर म्हणलं. तर ते बाई म्हणते, वॉरंटी संपल्यावर सील तोडणं तर आणखीनच गंभीर हाये. मंग पैसे देऊनही कोणी हात लावणार नाई."

पत्रूजींनी मोबाइलचा टॉर्च लावून मशीनभोवती प्रदक्षिणा घातली. जोडावर चिकटवलेल्या चंदेरी स्टिकरपाशी ते थांबले.

"सील शाबूत! म्हणजे गुन्हेगार आत शिरलाच नाई. बाहेरूनच काम केलं."

उर्वशीच्या मनात काहीतरी खटकलं. पण तेवढ्यात एका म्हाताऱ्याला आधार कार्डाची झेरॉक्स हवी झाली आणि खटकलेलं तिथंच राहिलं.

पहिला संशय भैयाजीवर. रीताचं दुकान बसलं तर फायदा कोणाचा? पत्रूजी उर्वशीला घेऊन थेट त्याच्या वर्कशॉपमध्ये शिरले, समोरच्या लोखंडी ठोकळ्यावर ठाण मांडलं आणि गरजले, "भैयाजी, ज्वालासखाबद्दल तुले काय मालूम हाये? खरं बोल!"

"तुम्ही तिच्यावरच बसले जी," भैयाजी म्हणाला.

पत्रूजी ताडकन उठले.

"माही बी वॉरंटी संपल्यावर बसली," भैयाजी शांतपणे म्हणाला. "मले बी म्हणले, बोर्ड जळला. आता स्टूल म्हणून झकास हाये. स्टूलले बोर्ड लागत नाई. बसा ना, काऊन उठले?"

परतताना पत्रूजींनी दुसरा सिद्धांत मांडला. कंपनी मशीनच्या पोटात एक घड्याळ बसवते. वॉरंटी संपली की टक्! मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आजवरच्या सिद्धांतांमध्ये हा पहिलाच शहाण्यासारखा आहे असं उर्वशीला वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. मात्र तो सिद्ध करायला मशीन खोलावी लागली असती. तेव्हा कंपनीलाच कबूल करायला लावू म्हणून त्यांनी ग्राहक सेवेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," एक मधाळ आवाज म्हणाला.

"पाह्य," पत्रूजी कुजबुजले, "वळखते मले!" आणि फोनला म्हणाले, "नमस्कार बाई. तुमचं गाव कोणतं?"

"मामाजी, ते रेकॉर्डिंग हाये."

"असू दे. आरोपीले आंधी बोलतं करा लागते."

रेकॉर्डिंग बोलतच राहिलं. मग सनई वाजली, सनईनंतर नव्या मशीनची जाहिरात, पुन्हा सनई. अखेर एक जिवंत मुलगी बोलली.

"सर, मशीन चालू करून पडद्यावरचा क्रमांक सांगा."

"मशीन चालूच होत नाई ना बाई."

"सर, त्या क्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येत नाही."

"चालू झाली असती तर तक्रार कायची?"

"बरोबर आहे सर. म्हणजे आपली काही तक्रार नाही. आणखी काही मदत करू का?"

पत्रूजींनी फोनकडे पाहिलं. चालत्या एसटीतून उडी मारून पळालेल्या प्रवाशाकडे पाहावं, तसं.

आता शत्रूच्या गोटात शिरणंच भाग होतं. दुसऱ्या दिवशी पत्रूजी बड्या ठेकेदाराच्या वेषात, म्हणजे मुलाचा गॉगल लावून, एकटेच ब्रह्मपुरीला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा डोक्यावर ज्वालासखाची लाल टोपी होती आणि बोटात चावीची साखळी फिरत होती.

"प्रणित म्हणून मॅनेजर हाये. लय सज्जन पोरगा. मले काका म्हणला, थंडं पाजलं."

"रीताच्या मशीनचं काय म्हणला?"

"ते राहूनच गेलं." पत्रूजी किंचित अडखळले. "पण रीतासाठी एक्सचेंज ऑफरमध्ये नवी मशीन बुक करून आलो. मलेच समजलं नाई, कवा सही केली तं."

उर्वशीनं कपाळाला हात लावला. मग दुसऱ्या दिवशी सासऱ्यांकडून पावती घेऊन ते बुकिंग रद्द करायला पुन्हा त्याच सनईच्या नंबरवर अर्धी सकाळ घालवली.

त्याच दुपारी इतवारी आला. रीता दुकानातच बसली होती. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

"रीताबाई, कवाड झालं का? काल आणखी एक बकरी नेली. दिवसाउजेडी आला, कोठ्यामागं बसूनच होता. आता बकऱ्या घरात बांधून राह्यलो अन् आम्ही अंगणात. बायको म्हणते, बिबट्याले बकरी नाई भेटली तर तो माणूस पाहीन. लेकरं हायेत जी."

"भैयाजीकडून करून घ्या इतवारीभाऊ," रीता खाली बघत म्हणाली. "मले नाई जमत आता."

"भैयाजी म्हणते दिवाळीनंतर. बिबट्याले कसं सांगू, दिवाळीनंतर ये म्हणून?"

रीता आपल्या हातांकडे बघत राहिली. मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग होते, सगळे आयटीआयतले. स्वतःच्या दुकानात नवा डाग पडायची वेळच आली नव्हती. पत्रूजींनी कंपनीची टोपी काढून टेबलाखाली ठेवली.

तेवढ्यात पत्रूजींची बायको अंजनाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्या दारातच थबकल्या आणि पदर नाकाला लावला.

"काय मेलं इथी?"

"इथी एक रहस्य हाये," पत्रूजी म्हणाले.

"रहस्याले उंदराच्या मुताचा वास येते का?"

त्यांनी टेबल हुंगलं, झेरॉक्स मशीन हुंगली, नवऱ्याला जरा जास्त वेळ हुंगलं आणि शेवटी वेल्डिंग मशीनपाशी वाकल्या. "याच्यातून येते."

पत्रूजी खदाखदा हसले. "अंजना, हे विजेचं यंत्र हाये, धानाची कणगी नाई!"

अंजनाबाईंचं माहेरचं आडनाव काही नाकाडे नव्हतं. नाक मात्र होतं.

आणि परवापासून उर्वशीच्या डोक्यात खटकत राहिलेलं अचानक जागेवर बसलं. "रीता, ब्रह्मपुरीवाल्यायनं आतला बोर्ड पाह्यला ना?"

"हो. जळला म्हणले."

"सील न तोडता कसा पाह्यला?"

बाहेर जीपवाला 'आरमोरी, आरमोरी' ओरडत होता.

"एक्स-रे!" पत्रूजी म्हणाले, पण त्यांच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

रीता उठली. तिनं नखानं सीलचं टोक उचकटलं आणि जखमेवरची पट्टी काढावी तसं एका झटक्यात ओढलं. मग स्क्रू फिरू लागले. झाकण निघालं तसा आतून असा वास आला की इतवारी दोन पावलं मागं सरला. आत एक सुबक घरटं होतं: धानाचं तणस, कापूस आणि कंपनीच्या माहितीपुस्तकाच्या बारीक चिंध्या. ज्वालासखाचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत नेणारा तो उंदीर बहुधा पहिलाच ग्राहक होता. घरमालक पंख्याच्या फटीतून आला तसाच फरार झाला होता. बोर्ड हिरवागार, नवाकोरा. फक्त बटनाकडे जाणारी वायर मध्येच कुरतडलेली.

मशीन वापरली असती तर उंदीर टिकला नसता. काम मिळालं नाही म्हणून ती बंद राहिली, आणि बंद राहिली म्हणून आलेलं काम हातचं जायला निघालं होतं. रीतानं घरटं उचलून बाहेर टाकलं, आतला सगळा भाग पुसून काढला, वायर जोडली, टेप गुंडाळली, झाकण लावलं आणि बटन दाबलं. पंखा घुर्रर्र करून फिरला. ती हसली, मग एकदम रडायलाच लागली, मग पुन्हा हसली.

"मी पहिल्यापासूनच म्हणत होतो," पत्रूजी इतवारीला म्हणाले, "का आरोपी घरातलाच हाये."

कवाड दुसऱ्या दिवशी बसलं. बिबट्या आला, लोखंडावर नखं ओढून पाहिली आणि निघून गेला. इतवारीच्या घरी माणसं घरात आणि बकऱ्या कोठ्यात गेल्या, आणि त्याच आठवड्यात टोल्यावरच्या आणखी कोठ्यांची मापं घ्यायला रीताला बोलावणं आलं.

पण न केलेल्या तपासणीची फी तिच्या डोक्यातून जाईना. ती, उर्वशी आणि पत्रूजी मशीन घेऊन ब्रह्मपुरीच्या त्या सर्विस सेंटरच्या शोरूमला गेले. बंद पडलेले फवारणी पंप, मोटारी, ग्राइंडर मांडीवर घेऊन शेतकरी रांगेनं बसले होते. रीतानं मशीन काउंटरवर ठेवली, पिन लावली, बटन दाबलं. पंखा घुर्रर्र झाला तशी सगळी रांग वळून बघू लागली.

"हा तुमचा जळलेला बोर्ड," रीता म्हणाली. "आत उंदीर होता. तुम्ही काय तपासलं होतं?"

प्रणितनं मशीन चालते आहे इकडे पाहिलंच नाही. तो वाकला, जोडावरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, सील तुटलंय. आता आमची काहीच जबाबदारी राहणार नाही."

"आंधी कोणती होती?"

प्रणितनं पाठांतर आठवून पाहिलं. त्यात हा प्रश्न नव्हता.

"नियम असा आहे मॅडम, की सील असल्याशिवाय आम्ही..."

"अन् सील असल्यावर तुम्ही खोलतच नाई," उर्वशी म्हणाली.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मांडीवरचा फवारणी पंप उलटा केला. त्यावरचं चंदेरी स्टिकर निरखून पाहिलं. मग रीताकडे हात पुढं केला.

"बाई, तुहा स्क्रू-ड्रायव्हर देजो जरा."

पहिलं सील 'चर्रर्र' करून निघालं. शेजाऱ्यानं आपल्या मोटारीवरचं ओढलं, त्याच्या पलीकडच्यानं ग्राइंडरवरचं. शोरूमच्या गार, चकचकीत फरशीवर माणसं फतकल मारून बसली. स्क्रू, वाळलेल्या मुंग्या, माती आणि एक अख्खी पाल बाहेर येऊ लागली. प्रणित काउंटरमागून ओरडत होता, "वॉरंटी रद्द! तुमचीही रद्द! काका, तुमचीही!" आणि पत्रूजी मध्ये उभे राहून दर झाकण उघडण्याआधी आत कोण सापडेल याचा अंदाज सांगत होते. एकही बरोबर आला नाही.