जपानी डायरेक्टरचा हुकूम

वाशीमचा कासमभाई जपानला कधी गेला नव्हता; अकोल्याच्या पलीकडे त्याची मजलच नव्हती. पण एका जपानी डायरेक्टरचं चरित्र त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द डायरेक्टरलाही नसेल.

कासमभाईचा तंबूतला बायस्कोप होता आणि मी त्यात पेटी वाजवायचो. भंगारात मिळालेला एक मुका जपानी चित्रपट, एवढंच आमचं भांडवल. त्यावरची अक्षरं कुणाला वाचता येत नसत, म्हणून हातात छडी घेऊन कासमभाई पडद्याशेजारी उभा राही आणि गोष्ट सांगे. त्याआधी डायरेक्टरचं चरित्र. ते गावागणिक बदले. मानोऱ्यात डायरेक्टर कापूस वेचून शिकलेला असे. जैनांच्या शिरपूरला तो दिवस मावळल्यावर जेवत नसे. पोहरादेवीला त्याने देवीला नवस बोललेला असे.

"कोणत्या देवीले?" मी विचारलं.

"तिकडच्या! तुमी पेटी वाजवा, मास्तर."

बदलत नसे ती एकच गोष्ट. डायरेक्टरची बायको त्याच्या सिनेमाच्या नादाला वैतागून निघून गेली होती, आणि तिने कुठेतरी पाहावा म्हणून त्याने हा खेळ काढला होता. शिवाय बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, एक नवी चटई रिकामी ठेवायची. कुणी टेकलं की हा ओरडे, "उठा! डायरेक्टरसाहेबाचा हुकूम हाय!" चहात साखर कमी पडली तरी तोच हुकूम.

एका वर्षी पोहरादेवीच्या जत्रेत शेजारीच बोलपटाचा तंबू लागला. आमच्या पहिल्या खेळाला मोजकी डोकी. असंच चाललं तर तंबू मोडावा लागणार, हे दोघांनाही कळत होतं. माझी तर पेटीवर बोटं चालेनात.

"घाबरता कायले?" कासमभाई म्हणाला. "त्याहीचा पडदा बोलते, पण इचारलं तं जवाब देते काय?"

दुसरा खेळ सुरू झाला. पडद्यावरची बाई बोचकं घेऊन घराबाहेर पडली. तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी उठून तिलाच म्हणाली, "काहून चालली व माय?"

कासमभाईने बाईचा आवाज काढला, "मावशी, या मानसाले घरापरीस तंबू प्यारा हाय!"

मग काय! कुणी सासूबद्दल विचारलं, कुणी दागिन्यांबद्दल. बाईच्या तोंडून हा सगळ्यांना पुरून उरला. हशा ऐकून लोक बोलपट अर्धा टाकून आमच्याकडे आले. तिसऱ्या दिवशी तर बोलपटवाला स्वतःच येऊन बसला आणि त्यानेही एक प्रश्न विचारला! इतक्या आनंदाने मी पेटी कधी बडवली नव्हती.

त्या खेळाच्या शेवटी तांड्यावरच्या त्याच म्हातारीने विचारलं, "अन् तुह्या डायरेक्टरची बायको? आली का वापस?"

कासमभाईची छडी खाली आली.

"नाई आली, मावशी," तो हळूच म्हणाला. "मले वाटते, एखाद्या जत्रेत येईन. म्हणून तं गावोगाव फिरून राह्यलो."

त्याची बायको सकीना घर सोडून गेल्याचं तोवर फक्त मला ठाऊक होतं. आता साऱ्या तंबूला कळलं.

पुढच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. बाया एकमेकींना खेटून बसल्या होत्या. कासमभाई हुकूम सोडायला तोंड उघडणार, तोच म्हातारी गरजली, "त्या चटईवर कोनी बसू नका व! सूनबाईची जागा हाय थे."