अक्रोडाच्या बरणीतली राणी

झिनोवियाने राणीला फ्रिजमध्ये दुधाच्या मागे ठेवलं आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली.

राणी म्हणजे केसाळ रानभुंग्यांची राणी. सकाळी चर्चमागच्या उतारावर, तान्ह्या मिर्तोला पाठीशी बांधून झिनोविया कुठल्या जातीचे भुंगे दिसतात ते नोंदवत फिरत होती, तेव्हा ही सापडली. अंगठ्याच्या पेराएवढी, मागून विटकरी, आणि थोबाड इतकं लांबुळकं की आजवर नोंदवलेल्यांपैकी एकाचंही तसं नव्हतं. फोटो काढावा तर बया एका जागी बसेना. अशा वेळी भुंग्याला बरणीत घालून थोडा वेळ गारठवायचं, सुस्तावला की फोटो काढायचे आणि उन्हात सोडून द्यायचं. त्याला काही होत नाही. फक्त विसरायचं नाही. वसंतातली राणी एकटीच असते. ती गेली की तिच्या पोटातलं अख्खं घर जातं.

बरणी सासूबाईंच्या अक्रोडाच्या मुरांब्याची होती. धुतलेली, पण त्यांच्या हातची 'अक्रोड' ही चिठ्ठी तशीच. झिनोवियाने झाकणाला बारीक भोकं पाडली आणि अंधारात राणी शांत राहावी म्हणून बरणी फडक्यात नीट बांधली. मिर्तोला दात येत होते, ती रडायला लागली. झिनोविया तिला पाजायला पलंगावर टेकली. नुसती टेकली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं आणि मिर्तो आईच्या केसांची बट चघळत होती. दुधाच्या मागे काही नव्हतं.

"आई, इथली बरणी?"

"पोलिक्सेनीला दिली." एव्दोकिया सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "पालक भरून भाजलेली पिटा घेऊन आली होती ती. तिचं ताट रिकामं पाठवू? तू बरणी इतकी छान बांधून ठेवलेली, म्हटलं सुनेला एकदाची रीत कळली."

"उघडून नाही बघितली?"

"माझा मुरांबा मी काय उघडून बघायचा?"

झिनोवियाने मिर्तोला उचललं. एव्दोकियाने शेजारणीला किडा भेट दिला, ही गोष्ट गावाला जन्मभर पुरली असती. "मी पोरीला जरा फिरवून आणते," ती म्हणाली.

पोलिक्सेनीने आधी बसवलं, पिटाचा तुकडा पुढे केला. तो संपेपर्यंत कामाचं बोलायची सोय नव्हती.

"काकू, आईंनी दिलेली अक्रोडाची बरणी... मला परत हवी होती."

"परत?"

"हो. तीच हवीय."

पोलिक्सेनीचा चेहरा पडला. "रागावू नकोस हं. तुझ्या सासूचे अक्रोड माझ्या दातांना झेपत नाहीत. मी ती पाद्रीणबाईंना दिली." मग तिने झिनोवियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण तुला आत्ताच हवेत? इतके?"

"आत्ताच. गार आहेत तोवर."

"थू थू थू," पोलिक्सेनी तिच्यावरून दृष्ट काढत म्हणाली. "जा बाई. पळू नकोस मात्र."

पाद्रींची बायको आर्गिरो हिने बिहीच्या फळांचा मुरांबा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. झिनोविया उभ्यानेच खायला लागली, तर तिने खांदे धरून खाली बसवलं.

"कोणाला सांगू नकोस," आर्गिरो कुजबुजली. "गेल्या वर्षी त्या अक्रोडात आमच्या ह्यांचा दात राहिला. मी बरणी थोमासच्या कॅफेत पाठवली. पुरुष काहीही खातात."

"फ्रिजमध्ये ठेवली असेल ना त्यांनी?"

"ठेवली असेल. काय गं, सकाळी उलट्या होतात?"

"होतात की. दुधानंतर उचललं नाही की लगेच."

आर्गिरोने हसून तिच्या बशीत आणखी एक चमचा मुरांबा वाढला. पोरीबद्दल इतकी आस्था कशी, याचा विचार करायलाही झिनोवियात त्राण नव्हतं.

कॅफेत सोंगट्या खेळणारे म्हातारे ती दिसताच उठून उभे राहिले.

"अरे, खुर्ची द्या तिला!" थोमास ओरडला आणि त्याने फ्रिजमधून बरणी काढली. "घे सूनबाई. उघडली नाही. कोणाची छातीच झाली नाही."

मागच्या अंगणात तिने फडकं सोडलं. राणी कुशीवर पडली होती, पाय पोटाशी घेऊन. झिनोवियाने तिला तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, हलकी फुंकर घातली. काहीच नाही. "ऊठ गं," ती म्हणाली. "मला कळतंय, पण ऊठ." बोटाला बिहीचा पाक लागला होता, तो तिने पुढे केला. बऱ्याच वेळाने एक पाय हलला. मग लांब जीभ बाहेर आली आणि पाक चाटू लागली.

झिनोवियाने फोटो काढले. थोबाड, पाठ, विटकरी बूड, आणि एकात मिर्तोची पाच बोटं. मग राणी थरथरली, गुणगुणली, आणि भिंतीवरून उताराकडे उडाली. झिनोवियाला रडू आलं. झोप अपुरी असली की तिला कशानेही यायचं.

"रडतेय," खिडकीतून थोमास आतल्यांना म्हणाला. "माझ्या बायकोचंही असंच व्हायचं."

घरी दारातच नवरा लाझारोस उभा होता, पांढराफटक. "झिनोविया, मला कॅफेतून फोन आला. पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला. अगं, मिर्तोला अजून धड बसता येत नाही!"

"मग?"

"मग दुसरं कसं?"

आतून सासूबाई आल्या. डोळे भरलेले, हातात मोठं पातेलं. "माझ्या अक्रोडांचे डोहाळे! घरोघर मागत फिरली माझी पोर! लाझारोस, इतक्या वर्षांत तू तरी कधी मागून खाल्लेस?" त्यांनी मिर्तोला काखेत घेतलं. "आजपासून हिचं मी बघते. दुधापुरती आणीन. तू जा, पड. आणि ह्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही!"

झिनोविया खरं सांगणारच होती. सगळं ओठांवर आलं होतं. पण सासूबाईंच्या खांद्यावरून आतला पलंग दिसत होता. आवरलेला, रिकामा, रुंद.

ती आत गेली आणि आडवी झाली. लाझारोस मागोमाग चवड्यांवर आला. "खरं आहे का गं?"

"उद्या सांगते," ती उशीत म्हणाली. मग डोळे मिटता मिटता तिने जरा विचार केला. "परवा."