प्रांजलीची शिक्षा

रविवारी सकाळी साताऱ्याच्या मल्हाररावांना फोन लावण्याआधी लक्ष्मीकांतने ग्वाल्हेरच्या घरात जाहीर केलं, "आज एकही हिंदी शब्द नाही. शुद्ध मराठी!"

"मागे एकदा शुद्ध बोललात, त्यात वीस वर्षं गेली," त्याची बायको दुर्गा कणीक मळता मळता म्हणाली.

खोटं नव्हतं ते. तरुणपणी साताऱ्याला एका औषध कंपनीच्या प्रशिक्षणात लक्ष्मीकांत आणि मल्हारराव सहा महिने एका खोलीत राहिले होते, एकमेकांचे शर्ट घालून हिंडले होते. पुढे मल्हाररावांचं लग्न ठरलं. ग्वाल्हेरहून रिझर्व्हेशन मिळालं नाही, तेव्हा लक्ष्मीकांतने फोनवर कळवळून सांगितलं, "तुझ्या लग्नाला यायची मी खूप चेष्टा केली रे!" हिंदीच्या शेजारात वाढलेल्या त्याच्या मराठीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साताऱ्यात चेष्टा म्हणजे टिंगल. मल्हाररावांनी फोन आपटला तो आपटलाच.

यंदा जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाठ पडली, खुलासा झाला आणि दर रविवारी फोन सुरू झाले. हा मित्र पुन्हा गमावायचा नाही, एवढं लक्ष्मीकांतने ठरवून टाकलं होतं. म्हणून हल्ली तो प्रत्येक शब्द औषधासारखा मोजून देत असे.

"बाकी तुझी लेक काय करते?" मल्हाररावांनी विचारलं.

'पढाई चालू आहे' हे शब्द लक्ष्मीकांतच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. पढाई हिंदी. त्याने एक भारदस्त शब्द शोधून काढला.

"प्रांजली ना? तिची शिक्षा चालू आहे. भोपाळला."

पलीकडे मल्हाररावांनी आवाज खाली आणला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. अजून दोन बाकी."

"अरेरे! भेटू देतात का?"

"रविवारी. गेटवर सही करावी लागते. संध्याकाळी आठला कुलूप."

"आणि जेवण?"

"विचारूच नकोस. डाळीत डाळ शोधावी लागते. पण करणार काय, भांडून घेतलीय तिनं. वर्षभर तयारी करत होती."

"वर्षभर तयारी!" मल्हाररावांचा आवाज चिरकला.

"हो ना. आता धाकटा पुष्करपण मागे लागलाय. त्याला परदेशात शिक्षा घ्यायचीय."

"लक्ष्या," मल्हारराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू धीर सोडू नकोस. मी येतोय."

लक्ष्मीकांतला आकाश ठेंगणं झालं. पढाईचं नाव काढताच मित्र निघाला!

पुढच्या शनिवारी स्टेशनवरून रिक्षा करून मल्हारराव घरी पोचले. दार प्रांजलीनेच उघडलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोडलं का गं, पोरी?"

"हो काका, पंधरा दिवसांसाठी."

"पॅरोल," मल्हारराव पुटपुटले आणि अंघोळीला गेले.

प्रांजली तडक स्वयंपाकघरात आली. "बाबा, काकांना तुम्ही क्या बोला है?"

"काही नाही. तुझी शिक्षा चालू आहे म्हटलं."

"बाबा! मराठीत शिक्षा मतलब सज़ा! माझी होस्टेलची नागपूरवाली रूममेट मला ह्याच्यावरून अभी तक चिडवते!"

दुर्गाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. लक्ष्मीकांत दाराकडे निघाला. "आत्ताच्या आत्ता सांगून टाकतो."

पण बाहेर मल्हारराव टॉवेल खांद्यावर टाकून, डोळे पुसत उभे होते.

"लक्ष्या, आजवर कुणाला बोललो नाही. आमच्या पोरानं, मोहितने, पैजेपायी ट्रॅफिक पोलिसाची मोटरसायकल पळवली. दहा दिवस आत होता. सगळ्या भावकीला सांगितलं, विपश्यनेला गेलाय. तू लेकीचं इतकं मोकळेपणी बोललास, म्हणून जीभ रेटली. तुझ्यापुढे लाज वाटत नाही बघ."

लक्ष्मीकांत खुलासा करायला पुढे झाला. मित्राचा उजळलेला चेहरा पाहिला आणि त्याने खुलासा गिळला. मग तो हळूच आत गेला.

"बेटा, दोनच दिवस."

"काय दोन दिवस?"

"काका असेपर्यंत शिक्षा चालूच राहू दे."

प्रांजलीने बापाकडे रोखून पाहिलं. "और जुर्म?"

"तो तुझा तू ठरव. छोटासा बघ."

जेवणं सुरू झाली. दुसरी पोळी वाढेपर्यंत मल्हाररावांनी कसाबसा दम धरला. मग ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "राग मानू नकोस पोरी, पण तू केलं होतंस तरी काय?"



प्रांजलीने मान खाली घातली. "मी कुठे काय केलं, काका? केलं सगळं बाबांनी. नाव माझं आलं."

मल्हारराव सावकाश वळले आणि लक्ष्मीकांतकडे बघत राहिले. आता उठतात आणि बॅग उचलतात, अशी लक्ष्मीकांतला भीती वाटली.

मल्हाररावांनी स्वतःच्या श्रीखंडाची वाटी त्याच्या ताटाकडे सरकवली.

"खाऊन घे लेका," ते म्हणाले. "आत हे मिळायचं नाही. आणि काळजी करू नकोस, दर रविवारी मी येईन भेटायला."